सांता मोनिका मठ, जुने गोवे

सांता मोनिका मठ : जुने गोवे येथील जोगिणींचा एक इतिहासप्रसिद्ध रोमन कॅथलिक मठ. आर्चबिशप आलेइशु द मेनेझिश याने १६०६ मध्ये त्याची स्थापना केली. संत ऑगस्टीनची माता मोनिका हिच्या नावावरून मठास हे नाव मिळाले. आशियातील कॅथलिक जोगिणींच्या मठांत हा आद्य मानला जातो. संन्यस्त स्त्रियांच्या नव्या समूहास धर्मसंस्थेच्या कायद्यानुसार मठाचा दर्जा कसा मिळतो आणि त्या दर्जाचे सामाजिक व आर्थिक परिणाम काय होतात, याचे हा मठ भारतातील एक ठळक उदाहरण होय.

कॅथलिक धर्मकायद्यात एकत्र राहून प्रार्थना करणाऱ्या स्त्रियांचा प्रत्येक समूह म्हणजे मठ नव्हे. पोप आठवा बॉनिफेस याने १२९८ मध्ये सर्व जोगिणींना मठाच्या आवारातच कायम राहण्याचे बंधन घातले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये ते अधिक कडक केले. त्या प्रांताच्या बिशपच्या परवानगीवाचून नवा मठ स्थापू नये, उत्पन्नातून निर्वाह होईल तेवढ्याच जोगिणी मठात घ्याव्यात, सोळा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी आणि एक वर्षाच्या उमेदवारीवाचून कोणासही अंतिम व्रते देऊ नयेत, असे तिने ठरविले. व्रत घेणारी मुलगी स्वेच्छेने आली आहे काय, याची बिशपने स्वतः अथवा प्रतिनिधीकरवी चौकशी करावी व तिच्यावर सक्ती करणाऱ्यास बहिष्कृत समजावे, असाही नियम झाला. १५६६ मध्ये पोप पाचवा पायस याने महाव्रते व बंदिस्त आवार यांचा संबंध पक्का केला. महाव्रत घेतलेल्या स्त्रीचा त्यानंतरचा विवाह अवैध ठरे आणि स्वतःच्या नावे मालमत्ता बाळगण्याचा तिचा अधिकार संपुष्टात येई. यामुळे मठाचा दर्जा हा केवळ उपासनेचा प्रश्न न राहता विवाह, वारसा व मालमत्ता यांच्याशीही निगडित झाला.

मेनेझिश हा स्वतः ऑगस्टिनियन संन्यासी होता. १५९५ ते १६१२ या काळात तो गोव्याचा आर्चबिशप होता व १६०७ ते १६०९ या काळात पोर्तुगीज भारताचा गव्हर्नरही होता. गोव्यात त्याने स्त्रियांसाठी आश्रयगृहेही स्थापन केली. ‘नोस्सा सेन्योरा द सेर्रा’ हे प्रतिष्ठित घराण्यांतील अनाथ मुली व निराधार स्त्रियांसाठी होते, तर ‘सांता मारिया मागदालेना’ हे पश्चात्तापदग्ध स्त्रियांसाठी होते. या गृहांतही एकांत व शिस्त असे तथापि तेथील स्त्रिया महाव्रतांनी बांधलेल्या नसत. त्यांना बाहेर पडून विवाह करता येई. सांता मोनिकेच्या जोगिणींस तो मार्ग नव्हता. बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या या संस्थांतील भेद असा मूलतः कायदेशीर होता.

नव्या मठाची घडी बसविण्यासाठी जुन्या मठातील अनुभवी जोगिणी पाठविण्याची युरोपात प्रथा होती. गोव्यात तशा जोगिणी नव्हत्या. फिलिपा फेरैरा ही विधवा व तिची मुलगी या आरंभीच्या सदस्यांपैकी होत. व्रतग्रहणानंतर त्या अनुक्रमे फिलिपा द त्रिंदादे व मारिया दु एश्पिरितु सांतु या नावांनी ओळखल्या जाऊ लागल्या. फिलिपा ही पहिली मठाध्यक्षा झाली. मठासाठी संत ऑगस्टीनचा नियम स्वीकारण्यात आला व मेनेझिशने त्याची स्वतंत्र नियमावली तयार केली. जवळच असलेल्या ऑगस्टिनियन मठातील धर्मगुरू जोगिणींचे पापनिवेदन ऐकत व कारभारात साहाय्य करीत. मठाच्या इमारतीचे काम १६२७ मध्ये पूर्ण झाले.

मठात प्रवेश करणाऱ्या मुलींबरोबर हुंडा येई. काही मुली मोठ्या मालमत्तेच्या वारस होत्या. त्यामुळे मठाकडे जमिनी व संपत्ती जमा होऊ लागली. मठाकडे गेलेली मालमत्ता पुन्हा कुटुंबांकडे येत नसे. शहरातील पोर्तुगीज पुरुषांना कुलीन वधू मिळत नाहीत आणि संपत्ती कायमची अडकून पडते, अशी तक्रार गोव्याच्या नगरपालिकेने लिस्बनच्या दरबाराकडे केली. १६२९ ते १६३५ या काळात व्हाइसरॉय असलेला लिन्यारिशचा काउंट हाही मठाचा विरोधक होता. मठाच्या बाजूने ऑगस्टिनियन धर्मगुरू दियोगु द सांत आन्ना याने लेखणी चालविली. फेब्रुवारी १६३६ मध्ये मठातील क्रूसावरील ख्रिस्तमूर्तीची हालचाल झाल्याचे जोगिणींनी सांगितले. या घटनेच्या ख्यातीमुळे मठाची प्रतिष्ठा वाढली. त्याच वर्षी मठ आगीत सापडला व पुढील वर्षी त्याच्या पुनर्बांधणीस प्रारंभ झाला. पुढे राजाश्रयामुळे त्यास ‘राजमठ’ म्हणण्यात येऊ लागले.

मठातील समता मर्यादित होती. काळे शिरोवस्त्र धारण करणाऱ्या व सामुदायिक प्रार्थनेत पूर्ण सहभाग असणाऱ्या जोगिणी मुख्यत्वे पोर्तुगीज अथवा मिश्र वंशाच्या होत्या. पांढरे शिरोवस्त्र असणाऱ्यांचा दर्जा त्यांच्याहून खालचा होता आणि घरकामास सेविका व दासी असत.

मठाचा शेवट धर्मसंस्थेच्या नव्हे, तर राज्यसंस्थेच्या निर्णयाने झाला. १८३४ मध्ये पोर्तुगालने पुरुषांचे धर्मसंघ बरखास्त केले. जोगिणींना ताबडतोब बाहेर काढण्यात आले नाही परंतु नव्या उमेदवार घेण्यास त्यांना बंदी झाली. त्यामुळे मठ क्षीण होत गेला आणि १८८५ मध्ये शेवटची जोगीण निवर्तल्यावर तो संपुष्टात आला. मालमत्ता शासनाकडे गेली व वास्तूचा पुढे लष्करासाठी उपयोग झाला.

दरम्यान धर्मकायदाही बदलत गेला. पोप तेरावा लिओ याने १९०० मध्ये साधी व्रते घेऊन शाळा, रुग्णालये इत्यादींत काम करणाऱ्या भगिनींच्या संघांना मान्यता दिली. यामुळे अशा भगिनी व बंदिस्त मठातील जोगिणी यांतील भेद स्पष्ट झाला. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार जोगिणींचा मठ स्थापण्यास बिशपच्या लेखी संमतीखेरीज रोमच्या पीठाची परवानगीही लागते. नवी संन्यस्त संस्था उभारण्यापूर्वी बिशपने रोमची लेखी अनुज्ञा घेतली पाहिजे, असा नियम २०२० मध्ये झाला. २०१८ च्या नियमांनुसार मठास स्वायत्तता मिळण्यासाठी महाव्रत घेतलेल्या किमान आठ जोगिणी असाव्या लागतात आणि ही संख्या पाचवर आल्यास मठाध्यक्षा निवडण्याचा हक्क जातो. सतराव्या शतकात मेनेझिशकडे एकवटलेला अधिकार आज एकट्या बिशपकडे राहिलेला नाही. उमेदवारांचा ओघ थांबला की मठाचे स्वत्व कसे लोपते, हे मात्र सांता मोनिकेच्या अखेरच्या पन्नास वर्षांत अगोदरच दिसून आले होते.

जांभ्या दगडाची ही तीन मजली भव्य वास्तू जुने गोवे येथील ‘होली हिल’ या टेकडीवर उभी आहे. आतील चौकाभोवती जोगिणींच्या खोल्या व मार्गिका असून भिंतींवर चित्रकामाचे अवशेष आढळतात. १९६४ मध्ये तेथे धर्मभगिनींच्या शिक्षणासाठी ‘मातेर देई’ ही संस्था सुरू झाली आणि २००२ मध्ये ख्रिस्ती कला संग्रहालय राशोल येथून या वास्तूत हलविण्यात आले.