इंदापूर परगण्याची दप्तरे : ग्रामीण इतिहासाचे एक साधन

पेशवाईचा इतिहास प्रामुख्याने लढाया व दरबार यांच्या आधारे लिहिला गेला. गावगाड्याचा इतिहास मात्र हिशेबी कागदांत शोधावा लागतो. पुणे पुराभिलेखागारात जतन झालेली इंदापूर परगण्याची मोडी कागदपत्रे या दृष्टीने मोलाची आहेत.

ताळेबंदातून वसूल कळतो, कौलनाम्यातून पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या रयतेस दिलेली सवलत कळते, तर महजरातून वतनाचा तंटा व त्याचा निवाडा. १८१८ नंतर इंग्रजी अंमलात या कागदांचे स्वरूप बदलले. प्रिंगल यांनी निव्वळ उत्पन्नाच्या सिद्धांतावर सारा ठरविला. तो इतका जड झाला की शेते ओस पडली. परिणामी १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापुरात सारा कमी करून तो ३० वर्षांसाठी कायम केला. मुदत संपताच फेरआकारणीत तो पुन्हा वाढला. पुढे १८७५ मध्ये शेजारच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे रयतेने सावकारांचे कर्जरोखे जाळले.

रयतेच्या रोषाचे लक्ष्य कागदच होते, ही बाब अर्थपूर्ण आहे. जतन झालेले दप्तर हे मुख्यतः वसूल करणाऱ्याचे दप्तर होय. त्यात बलुतेदार हक्कापुरते येतात, महार वतन व वेठीपुरते. शेतात राबणारी स्त्री क्वचितच दिसते. म्हणून अभ्यासकाने नोंदींइतकेच त्यांतील मौनही वाचणे अगत्याचे आहे.