बीट कवी आणि पॅरिसची कात्री

बीट कविता म्हटली की सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क आणि जॅझ आठवतो. जॅझचे ऋण उघडच आहे. जॅक केरुआकच्या ‘मेक्सिको सिटी ब्लूज’ (१९५९) मध्ये २४२ ‘कोरस’ आहेत आणि शेवटच्या काहींत तो सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करला आळवतो. मात्र या कवींचे युरोपशी असलेले नाते आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

पॅरिसच्या लॅटिन क्वार्टरमध्ये, जी-ल-कर नावाच्या बोळात, मादाम राशू नावाच्या बाई एक स्वस्त, जुनाट लॉज चालवीत. १९५७ पासून अॅलन गिन्सबर्ग, ग्रेगरी कॉर्सो आणि पुढे विल्यम बरोज तिथे राहिले. ‘बीट हॉटेल’ हे नाव त्याला नंतर चिकटले. गिन्सबर्ग फ्रेंच कवी अपोलिनेरच्या समाधीवर जाऊन आला, त्यावर त्याने कविताही लिहिली. कॉर्सोची ‘बॉम्ब’ ही कविता अणुस्फोटाच्या ढगाच्या आकारात छापली गेली. ती पाहताना अपोलिनेरच्या चित्राकार कविता आठवल्याशिवाय राहत नाहीत.

खरी गंमत १९५९ सालची. त्याच लॉजमध्ये राहणारा चित्रकार ब्रायन गायसिन चित्रासाठी पुठ्ठा कापत होता. सुरी खालच्या वर्तमानपत्रांतूनही फिरली. कापलेले तुकडे शेजारी ठेवून वाचताच वेगळीच वाक्ये तयार झाली. यालाच ‘कट-अप’ म्हणतात. कल्पना अगदीच नवी नव्हती : दादा पंथाच्या त्रिस्तां झाराने टोपीतून शब्द काढून कविता करण्याची कृती १९२० च्या सुमारासच सांगितली होती. पण झाराची ती थट्टा होती, तर बरोजने त्यातून कादंबऱ्याच उभ्या केल्या. त्यांपैकी ‘द सॉफ्ट मशीन’ (१९६१) चे नाव पुढे एका ब्रिटिश रॉक बँडने घेतले. डेव्हिड बोवीही गाणी लिहिताना हीच युक्ती वापरी.

सगळ्यांना हे पटले असे नाही. ‘मिनिट्स टू गो’ (१९६०) या कट-अप संग्रहात कॉर्सोच्या रचना आहेत, पण शेवटी टीप जोडून त्याने या पद्धतीपासून अंग काढून घेतले. कविता कवीच्या आतून यावी की कात्रीतून, हा वाद त्याच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हता. गिन्सबर्गही अस्वस्थ झाला. १९६१ मध्ये टँजियरला बरोजला भेटल्यावर ती अस्वस्थता वाढलीच. पुढच्या वर्षी तो बोटीने मुंबईत उतरला.