ऑर्गनवाल्याचे पाय

आमच्या पंचवटीतल्या घरी एक ऑर्गन होता. वडील हौशी मंडळींच्या नाट्यगीतांना त्यावर साथ करत. दाद गायकाला मिळे. भाता मारून घामाघूम होणाऱ्या पायांकडे कोणाचे लक्ष नसे, माझेही नव्हते. ते वेधले एका अमेरिकन तबकडीने.

२५ एप्रिल १९६० रोजी न्यू जर्सीतील रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत जिमी स्मिथ (ऑर्गन), स्टॅनले टरेंटाइन (टेनर सॅक्सोफोन), केनी बरेल (गिटार) आणि डोनाल्ड बेली (ड्रम) एकत्र वाजवत होते. त्यातून 'ब्लू नोट' कंपनीने १९६३ साली 'बॅक अ‍ॅट द चिकन शॅक' ही तबकडी काढली. 'सोल जॅझ' म्हणतात ते हेच. या चौघांत बास वाजवणारा वेगळा कोणी नाही. खर्जाची बाजू स्मिथच डाव्या हाताने आणि पायांखालच्या पट्ट्यांनी सांभाळतो.

ऑर्गनचा स्वर ठाम. मींड त्याला जमत नाही. सॅक्सोफोन मात्र गळ्यासारखा स्वर वाकवतो, ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळतो. एकजण जागा सोडत नाही, म्हणून दुसऱ्याला भटकता येते.

मराठी संगीत नाटकाने हेच अनुभवाने ओळखले होते. हातपेटीत एक हात भात्यात अडकतो. आपल्या रंगभूमीवरच्या ऑर्गनमध्ये हवा पाय भरतात, दोन्ही हात स्वरांना मोकळे राहतात. हॅमंड कंपनीने १९३५ मध्ये आणलेल्या, स्मिथ वाजवीत असलेल्या जातीच्या ऑर्गनला हवा लागत नाही. तो विजेवर चालतो. तिथे पाय खर्ज देतात, इथे श्वास. दोन्हीकडे गाणे पायांवर उभे असते.

१९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीन दशके टिकली. मींड आणि श्रुती पेटीतून निघत नाहीत, हा मुख्य आक्षेप. तो खोटा नव्हता. पण साथीच्या वाद्याकडून गळ्याचे काम मागणारा होता. गळा शेजारी असताना पेटीने गळा का व्हावे?

त्या तबकडीच्या वेष्टनावर चौघांचीही नावे आहेत. वडिलांचे नाव कुठल्याही हस्तपत्रिकेवर मला सापडले नाही. ते गेल्यावर जागा अडते म्हणून आम्ही ऑर्गन विकला. पावलांनी झिजलेले त्याचे पायटे आठवतात, तेवढीच त्यांच्या साथीची नोंद आता उरली आहे.