त्यागराय चेट्टींचा हिशेब

ब्राह्मणेतर चळवळ शिकवताना आपली पाठ्यपुस्तके मद्रासला चार ओळी देऊन मोकळी होतात. जस्टिस पक्ष, १९१६, नोकऱ्यांत वाटा, संपले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. नोकऱ्या कुणाच्या हा प्रश्न मला परका नाही. म्हणूनच या पक्षाचे एक संस्थापक पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्याकडे मी वळलो.

चेट्टी जन्मले १८५२ साली, देवांग या तेलुगू विणकर जातीत. प्रेसिडेन्सी कॉलेजातून बी.ए. झाले, पण वळले व्यापाराकडे. स्वतःचा हातमागांचा कारखाना चालवला. १९०९ साली दक्षिणेतल्या देशी व्यापाऱ्यांचे चेंबर उभे राहिले, त्यात ते पुढे होते. मद्रास नगरपालिकेत त्यांनी सुमारे चाळीस वर्षे काढली. मैलापूरच्या कपालीश्वर मंदिरातील समारंभाला त्यांनी दहा हजार रुपये दिले, पण व्यासपीठावर ब्राह्मणांच्या पंगतीला त्यांना बसू दिले नाही, असा प्रसंग तिकडे नेहमी सांगितला जातो. पैसा चालतो, माणूस चालत नाही!

काँग्रेसमध्ये वावरलेला हा माणूस १९१६ साली डॉ. टी. एम. नायर व नटेश मुदलियार यांच्याबरोबर वेगळा झाला. त्या डिसेंबरात चेट्टींच्या सहीने ब्राह्मणेतरांचा जाहीरनामा निघाला. तो व्यापाऱ्याच्या खतावणीसारखा आहे. इलाख्याच्या सव्वाचार कोटींच्या आतल्या वस्तीत चार कोटी ब्राह्मणेतर. आणि १२८ कायम जिल्हा मुन्सफांत ९३ ब्राह्मण. या आकड्यांना उत्तर नव्हते. १९२० च्या निवडणुकीत पक्ष बहुमताने आला. गव्हर्नरने मुख्य मंत्रिपद देऊ केले, ते चेट्टींनी नाकारले आणि सुब्बरायलु रेड्डियार यांचे नाव सुचवले. हा मोठेपणा नाकारण्याचे कारण नाही.

पण त्या चार कोटींत परैया होते, माला होते, मादिगा होते. बेरीज करताना ते मोजले गेले. वाटणीच्या वेळी काय झाले?

१९२१ च्या जूनमध्ये पेरांबूरच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक या गोऱ्या मालकीच्या गिरण्यांत संप झाला. आदि-द्रविड कामगारांपैकी पुष्कळजण कामावर राहिले. संपफोडे म्हणून त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. परंतु ज्याच्या घरी उद्याच्या भाकरीची सोय नाही आणि ज्याला संपातला सोबती आपल्या विहिरीवर येऊ देत नाही, त्याने कोणत्या एकीच्या भरवशावर उपाशी राहायचे? पुलियांतोप भागातल्या त्यांच्या झोपड्या जाळल्या गेल्या. सवर्ण हिंदू आणि आदि-द्रविड यांच्यात महिनोन्‌महिने दंगल पेटत राहिली, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली.

चेट्टींच्या पक्षाने काय केले? पक्षाचे पत्र ‘जस्टिस’ म्हणाले की या बिघाडाला सरकारच्या मजूर खात्याने आदि-द्रविडांचे केलेले फाजील लाड कारण आहेत. चेट्टी सवर्ण हिंदूंच्या बाजूला उभे राहिले. लाड म्हणजे काय, तर घरासाठी जागा, शाळा, विहीर. हाच शब्द पाच वर्षांपूर्वी कुणी ब्राह्मणेतरांच्या वाट्याबद्दल वापरला असता तर चेट्टींनी त्याला उभा जाळला असता.

याच वर्षी नोकऱ्यांच्या जातवार वाटणीचा सरकारी हुकूम निघाला. त्यात सहा वर्ग होते. अस्पृश्यांचा वेगळा वर्ग नव्हता. बारांत एक अशी जागा त्यांना मिळाली ती १९२७ साली, चेट्टी वारल्यावर दोन वर्षांनी. मला हे पुलियांतोपपेक्षा कमी जिव्हारी वाटत नाही, कारण आग विझते, कागद राहतो.

एम. सी. राजा हे अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून कायदेमंडळात सरकारनियुक्त आलेले, पक्षाचे विश्वासू. परैया, पंचम ही नावे कागदोपत्री वापरू नयेत, आदि-द्रविड म्हणावे, असा ठराव त्यांनी १९२२ साली आणला. १९२३ मध्ये त्यांनी पक्ष सोडला. आपल्याकडेही सत्यशोधकांच्या वारशावर उभ्या राहिलेल्या ब्राह्मणेतर पक्षात अस्पृश्यांचा प्रश्न मागेच पडत गेला, हे वाचकांना सांगायला नको.

सप्टेंबर १९४४ मध्ये बाबासाहेब मद्रासला गेले. जस्टिस पक्षाच्या एका संपादकाने त्यांना मेजवानी दिली होती. तेथे यजमानांसमोरच त्यांनी पक्ष का बुडाला ते सांगितले: सुशिक्षित पोरांच्या नोकऱ्यांपलीकडे तुम्ही पाहिले नाही, खेड्यात राबणारा ब्राह्मणेतर तुम्ही विसरलात, आणि ब्राह्मणांना नावे ठेवता ठेवता त्यांचेच आचार उचललेत.