सुरुंग : भुयार की स्फोट?

चिखलीकडे विहीर खणताना मातीचा आणि मुरमाचा थर संपला की काळा पाषाण लागतो. मग सुरुंग लावावा लागतो. त्यामुळे 'सुरुंग' म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर स्फोट येतो. पण हिंदीत आगगाडी 'सुरंग'मधून जाते. स्फोटातून गाडी कशी जाईल?

या दोन अर्थांना जोडणारा दुवा किल्ल्यांच्या वेढ्यात सापडतो. संस्कृतातील 'सुरुङ्गा' म्हणजे भुयार. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हा शब्द आहे. लाक्षागृहातून पांडव निसटले तेही सुरुङ्गेतूनच. अनेक अभ्यासकांच्या मते तो ग्रीक 'सिरिंक्स' म्हणजे नळी या शब्दावरून आला. डॉक्टरांची सिरिंजही त्याच कुळातली!

दारू नव्हती तेव्हा वेढा घालणारे तटाच्या पायाखाली भुयार खणत, त्याला लाकडी टेकू देत आणि शेवटी ते टेकू जाळून टाकत. आधार गेला की तट खचे. पुढे टेकूंची जागा दारूने घेतली. उघड्यावर दारू भसकन जळून जाते. भुयाराचे तोंड बुजवले की तप्त वायूंना वाट मिळत नाही, दाब वाढतो आणि वरचा तट उडतो. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी सुमारे दोन महिने लढवलेल्या चाकणच्या भुईकोटाचा बुरूज शायिस्तेखानाच्या फौजेने असाच उडवला. भुयार आणि स्फोट असे एकत्र आले. मराठीत पुढे स्फोटाचा अर्थ बळावला, हिंदीत भुयाराचा अर्थही टिकला.

वेढ्यांच्या इतिहासात आणखी एक धडा आहे. डिसेंबर १५६७ मध्ये चितोडला अकबराच्या माणसांनी दोन सुरुंग एकदमच उडावेत अशा बेताने लावले होते. एक आधी उडाला. खिंडार पडलेले पाहून सैनिक धावले आणि तेवढ्यात दुसरा उडाला. त्यात अकबराचेच अनेक सैनिक मेले.

विहिरीवरचे जाणते कारागीर बार मोजतात ते याच धोक्यामुळे. सहा लावले आणि पाचच वाजले, तर लगेच खाली उतरायचे नसते. आपल्या वर्गातही कुणाचे वडील, कुणाचा काका विहिरीच्या कामावर जात असेल. शब्दाचा अर्थ सांगताना हे मोजणेही मुलांना जरूर सांगावे.