बालवाडीची पूर्वतयारी खेळातून

मूल अडीच-तीन वर्षांचे झाले की घरोघरी बालवाडीच्या प्रवेशाची चर्चा सुरू होते. प्रवेशाआधीच मुलाला अंक म्हणता यावेत, अक्षरे गिरवता यावीत, असा अनेक पालकांचा आग्रह असतो. त्यासाठी पाटी-पेन्सिल हाती दिली जाते आणि मूल कंटाळले की रागावणेही होते. वास्तविक या वयातील तयारीचे खरे साधन खेळ हेच आहे.

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये बाड ब्लँकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था सुरू केली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे 'मुलांची बाग', असे नाव दिले. लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन अशी खेळणी हीच तेथील शिक्षणाची साधने होती. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत हे कार्य नेले. शिंपले, खडे, पाने, बिया अशा परिसरातील वस्तूंतून त्यांनी मुलांना शिकवले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून त्यात खेळावर आधारित शिक्षणावर भर दिला आहे.

हात आणि बोटे : तिसऱ्या वर्षी मनगटाची व बोटांची वाढ पूर्ण झालेली नसते. त्यामुळे लेखनाची सक्ती केल्यास हात दुखतो आणि लिहिण्याविषयी नावड निर्माण होते. त्याऐवजी कणकेचे गोळे करणे, मटार सोलणे, कागद फाडून चिकटवणे, मोठे मणी ओवणे असे खेळ द्यावेत. पेन्सिल धरताना लागणारी अंगठा व बोटांची पकड यातून आपोआप तयार होते. मणी, बिया यांसारख्या बारीक वस्तू मूल तोंडात, नाकात घालू शकते. म्हणून मोठ्यांनी जवळ बसावे.

गणित : अंक पाठ म्हणणे म्हणजे मोजणे नव्हे. ताटे मांडताना 'प्रत्येकाला एक वाटी' ठेवायला सांगितले की एकास एक संगती कळते. धुतलेले मोजे जोड्यांनी लावणे, डबे लहान-मोठे रचणे यातून वर्गीकरण व क्रम समजतो.

भाषा : बडबडगीते आणि रोजची एक गोष्ट यांमुळे शब्दसंग्रह वाढतो व एका जागी बसून ऐकण्याची सवय लागते. घरच्या भाषेत मनसोक्त बोलू द्यावे. ती पक्की झाली तर दुसरी भाषा शिकणे सोपे जाते.

मन आणि सवयी : आईवडिलांना सोडून राहणे ही मुलासाठी सर्वांत अवघड गोष्ट असते. लपाछपीतून 'दिसेनासे झालेले माणूस परत येते' हा विश्वास मिळतो. 'शाळा-शाळा' खेळताना बाहुलीला डबा द्यावा, तिचा निरोप घ्यावा. त्यातून नव्या जागेची भीती ओसरते. आजी-आजोबा वा शेजाऱ्यांकडे थोडा वेळ राहण्याचा सराव करावा. डबा उघडणे, चप्पल घालणे, शीशू सांगणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे या गोष्टी अक्षरांपेक्षा आधी जमायला हव्यात.

प्रवेशाच्या काळजीने मुलाला घोकंपट्टीला जुंपण्याचे कारण नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी बालक वा पालकांची चाळणी घेण्यास शाळांना मनाई केली आहे.

प्रत्येक मुलाची गती वेगळी असते, म्हणून शेजारच्या मुलाशी तुलना टाळावी. मात्र तीन वर्षांचे मूल दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलत नसेल किंवा हाकेला प्रतिसाद देत नसेल, तर शाळेची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. एरवी रोज अर्धा-पाऊण तास टीव्ही आणि मोबाइल बाजूला ठेवून मुलाबरोबर जमिनीवर बसून खेळणे, एवढी तयारी पुष्कळ आहे.