पंचाहत्तरची दहावी : एकाच मार्चमध्ये दोन मॅट्रिक

मार्च १९७५ मध्ये महाराष्ट्रात दोन वेगवेगळ्या यत्ता एकाच वेळी एस.एस.सी.ला बसल्या. एक जुन्या अभ्यासक्रमाची शेवटची अकरावी आणि दुसरी नव्या अभ्यासक्रमाची पहिली दहावी. अकरावीवाले अजूनही ‘आमची जुनी मॅट्रिक’ म्हणून मिरवतात. आम्ही त्या पहिल्या दहावीचे. २०२५ साली आमच्या बॅचला पन्नास वर्षं झाली. सध्या नव्या शैक्षणिक धोरणावरून जिकडेतिकडे वाद चाललाय, म्हणून म्हटलं, आमच्यावर झालेल्या प्रयोगाचा हिशेब एकदा मांडून ठेवावा. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी थोडा इतिहास. मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठानं १८५९ साली सुरू केली. न्यायमूर्ती रानडे पहिल्याच वर्षी ती पास झाले. स्वातंत्र्यानंतर तिची एस.एस.सी. झाली, पण लोकांच्या तोंडी ‘मॅट्रिक’च राहिलं. अकरा वर्षं शाळा आणि पुढं कॉलेज असा तो सरळ हिशेब होता. पुढं १९६४ साली केंद्रानं डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. त्याचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत राबलेले. आयोगाचा अहवाल १९६६ ला आला, त्यावरून १९६८ चं राष्ट्रीय धोरण ठरलं आणि १०+२+३ हा आकडा देशभर झाला. महाराष्ट्रात त्याची सुरुवात जून १९७२ ला आठवीच्या वर्गापासून झाली. त्या जूनमध्ये आठवीत कोण बसलं होतं? आम्ही!

आता जून १९७२ म्हणजे काय, हे माणदेशातल्या माणसाला सांगायला नको. आदल्या वर्षीच पाऊस रुसला होता, त्या वर्षी तर त्यानं पाठच फिरवली. विहिरी कोरड्या, जनावरं बाजारात, घरात अमेरिकेहून आलेला लाल मिलो. वि. स. पागेंच्या डोक्यातून निघालेली रोजगार हमी याच काळात राज्यभर गेली. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. आमच्या वर्गातल्या बहुतेकांचे आईबाप त्यातच. सुट्टी लागली की आम्हीही पाझर तलावाच्या कामावर. माती वाहायची, खडी फोडायची आणि दुपारी सुकडी खायची. शाळेची फी हा प्रश्न नव्हता. वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांना ई.बी.सी.ची सवलत होती आणि आमच्या गावात १२०० च्या वर उत्पन्न असलेली घरं बोटावर मोजण्याइतकी.

प्रश्न होता पुस्तकांचा. गावाकडं पुस्तकं विकत घ्यायची पद्धत वेगळी असायची. वरच्या वर्गातल्या मुलाची पुस्तकं अर्ध्या किमतीत घ्यायची, वर्षभर जपून वापरायची आणि खालच्याला पाव किमतीत द्यायची. एक पुस्तक चार-पाच जणांना पुरायचं. अभ्यासक्रम बदलला आणि ही साखळी तुटली. थोरल्या भावाबहिणीची पुस्तकं एका रात्रीत रद्दी झाली. ऐन दुष्काळात प्रत्येकाला कोरं पुस्तक विकत घेणं भाग पडलं. आमच्या वर्गात एका पुस्तकात तिघंचौघं बघायचो. गाइड नाही, मागच्या वर्षीचे पेपर नाहीत. असणार कुठून, मागचं वर्षच नव्हतं ना! आमच्या गणिताच्या सरांनाही नवं गणित नवीनच होतं. रात्री ते स्वतः शिकायचे आणि सकाळी आम्हाला शिकवायचे. कुठं अडलं तर मोकळेपणानं म्हणायचे, “थांबा, हे उद्या सांगतो.” आज मागं वळून पाहताना वाटतं, त्या पहिल्या बॅचला तारलं ते अशा शिक्षकांनी. नवीन धोरण वर्गात पोचतं ते असं, कुणीतरी रात्री जागतं तेव्हा.

आता या बदलाचं चांगलं काय झालं तेही सांगते, कारण त्याचा फायदा थेट मला झाला. माझी थोरली बहीण, आमची आक्का, माझ्या एकच वर्ष पुढं. म्हणजे ती शेवटच्या अकरावीत आणि मी पहिल्या दहावीत. दोघींची बोर्डाची परीक्षा एकाच साली. एका कंदिलाखाली बसून ती अंकगणितात व्याज काढायची आणि मी संचाच्या वर्तुळांत वर्तुळं काढायची. आक्कानं बीजगणित-भूमिती घेतलीच नव्हती. जुन्या पद्धतीत ती सोडता यायची आणि मुलींना तर ‘सोडा, कशाला डोकं शिणवता’ असंच सांगितलं जायचं. आक्काचं डोकं माझ्यापेक्षा तल्लख होतं, हे अजूनही घरात कुणी नाकारत नाही. पण मला सोडायची मुभाच नव्हती. नव्या दहावीत गणित आणि विज्ञान सगळ्यांना सक्तीचं. त्या सक्तीनं मला धरून ठेवलं आणि पुढं मी ३१ वर्षं हायस्कुलात तोच विषय शिकवला. दोघी बहिणींत अंतर एका वर्षाचं, पण दार एकीलाच उघडलं. धोरण म्हणजे नुसता सरकारी कागद नसतो, तो मला असा कळला.

पण याच धोरणानं दुसरं एक दार बंद केलं. पूर्वी अकरावी गावच्याच हायस्कुलात व्हायची. आता हायस्कूल दहावीला संपलं आणि अकरावी गेली तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात. तालुका १४ मैलांवर. सकाळची एस.टी. जाताना मिळायची, संध्याकाळी परत यायला गाडी नव्हती. आमच्या वर्गात सात मुली होत्या, सातही पास झाल्या. तालुक्याला गेलो दोघी. माझी आत्या तिथं राहायची म्हणून मी, आणि दुसरीचे वडील तिथं नोकरीला होते म्हणून ती. बाकी पाच जणींची शाळा गुणांअभावी सुटली नाही, एस.टी.अभावी सुटली. वर गावातले म्हातारे टोमणे मारायचे ते वेगळंच : “दहावी म्हंजे अर्धी मॅट्रिक!” नंतर २०२१ च्या मुलांना ‘कोरोना बॅच’ म्हणून हिणवताना ऐकलं तेव्हा मला हेच आठवलं. त्यांची परीक्षा रद्द झाली, निकाल ९९.९५ टक्के लागला, यात त्या पोरांचा काय दोष? निर्णय वरचे घेतात आणि शिक्का बॅचवर बसतो.

आमचा निकाल आणि अकरावीचे प्रवेश चालले होते त्याच सुमारास देशात आणीबाणी आली. दुष्काळात हायस्कूल सुरू झालं आणि आणीबाणीत संपलं, अशी आमची बॅच.

आता मुद्द्यावर येते. कोठारी आयोगानं फक्त १०+२+३ सांगितलं नव्हतं. एका वस्तीतली सगळी मुलं, गरिबाची आणि सावकाराची, एकाच परिसर-शाळेत शिकावीत असं सांगितलं होतं. दहावीनंतरच्या निम्म्या मुलांना व्यवसाय शिक्षण मिळावं असं सांगितलं होतं. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा असं सांगितलं होतं. यातलं आपण काय उचललं? आकडा. कारण आकडा बदलायला पैसा लागत नाही, एक आदेश पुरतो. परिसर-शाळेला हिंमत लागते, व्यवसाय शिक्षणाला वर्कशॉप लागतं आणि ६ टक्क्यांना तिजोरी उघडावी लागते. ते सगळं राहून गेलं. व्यवसाय शिक्षणाऐवजी अकरावी-बारावी ही कॉलेजची आणि पुढं क्लासवाल्यांची वेटिंग रूम झाली.

२०२० चं नवं धोरण काढून बघा. आकडा बदललाय : ५+३+३+४. आणि आत? पुन्हा ६ टक्के. पुन्हा निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षण, त्याची मुदत २०२५. म्हणजे १९६६ साली जे करायचं ठरलं होतं, तेच ५४ वर्षांनी पुन्हा ठरलं. माझा या धोरणाला आंधळा विरोध नाही. सक्तीच्या गणितानं माझं आयुष्य घडवलं, त्यामुळं बदल वाईटच असतो असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? पण बदलाची किंमत पहिल्या बॅचच्या पोरांनी मोजायची आणि बदलाचा आशय मात्र कपाटात राहायचा, हे आमच्या वेळी झालं. तेच परत होऊ नये एवढंच.

म्हणून गावोगावच्या पालकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना सांगणं आहे. कुठल्या यत्तेला काय नाव पडलं यावर भांडण्यात दिवस घालवू नका. तीन साधे प्रश्न विचारा. नवीन पुस्तक शाळेत पहिल्या दिवशी पोचणार का? ते शिकवायला आमच्या सरांना आणि बाईंना आधी कुणी शिकवलंय का? आणि जी यत्ता गावात नाही, तिथं जायला आणि परत यायला गाडी आहे का? या तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर आकडा कुठलाही असू दे, पोरं निभावून नेतात. आम्ही नेलंच की.

तुमच्यापैकी जुन्या अकरावीचे किंवा पंचाहत्तरच्या पहिल्या दहावीचे कोणी असतील, तर तुमच्या गावात काय झालं ते खाली जरूर लिहा. विशेषतः वर्गात मुली किती होत्या आणि पुढं किती गेल्या, ते. कुणीतरी हे एकदा मोजायला हवं.